फास की आजन्म कारावास?

माणूस माणसाचा खून करतो त्याची कारणे नाना प्रकारची असतात. द्रव्याचा लोभ, जमिनीचा तंटा, मत्सर, सूड, क्षणाचा संताप. या सर्वांत मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये बरावाईट काही तरी संबंध असतो. परंतु ज्याला आपण पूर्वी कधी पाहिले नाही, ज्याने आपले तिळमात्र बिघडविलेले नाही, अशा माणसाला केवळ त्याच्या कातडीच्या रंगासाठी, जातीसाठी किंवा धर्मासाठी ठार मारणे हा खुनाचा एक निराळाच प्रकार होय. त्यात प्राण जातो एका माणसाचा, पण धाक घातला जातो तो एका सबंध समाजाला. असे कृत्य करणारा जर अठरा-वीस वर्षांचा पोर असेल, तर त्याचे काय करावे? त्याचा देहान्त करावा, की त्याला जन्मभर तुरुंगात ठेवावे?

हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत, तो केवळ तात्त्विक चर्चेची हौस म्हणून नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात एक नवे पोटकलम आहे. पाच किंवा अधिक माणसांनी संगनमत करून वंश, जात वा जमात, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच एखाद्या कारणावरून कोणाचा खून केला, तर त्यांतील प्रत्येकाला देहान्ताची किंवा आजन्म कारावासाची शिक्षा द्यावी, असे ते सांगते. कायद्याने दोन्ही शिक्षा एकाच ओळीत लिहिल्या आणि निवड न्यायाधीशावर सोपविली. ती निवड कोणत्या तत्त्वावर व्हावी, याचा विचार सुशिक्षित समाजाने आधीच करून ठेवणे इष्ट. त्या विचाराला अमेरिकेतील दोन खटले फार उपयोगी पडतात.

पहिला खटला चार्ल्स्टनचा. दक्षिण कॅरोलिना राज्यातील या शहरात इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे कृष्णवर्णीयांचे फार जुने प्रार्थनामंदिर आहे. १७ जून २०१५ च्या सायंकाळी तेथे बायबलचे वाचन चालू असता एकवीस वर्षांचा एक गोरा तरुण आत आला. मंडळींनी त्याचे स्वागत केले. तेथील धर्मगुरू व राज्याच्या सिनेटचे सभासद क्लेमेंटा पिंकनी यांच्या शेजारी तो बसला. बराच वेळ तो त्यांच्यात होता. अखेरच्या प्रार्थनेसाठी सर्वांनी डोळे मिटले तेव्हा त्याने पिस्तूल काढले आणि नऊ जणांना ठार केले. त्यांत सव्वीस वर्षांचा एक तरुण होता आणि सत्त्याऐंशी वर्षांची एक आजीबाई होती. एका स्त्रीला त्याने मुद्दाम जिवंत ठेवले, तिने घडलेली हकीकत जगाला सांगावी म्हणून.

दुसरा खटला बफेलोचा. न्यूयॉर्क राज्यातील या शहरात १४ मे २०२२ रोजी, शनिवारी दुपारी, बाजारहाटीच्या ठिकाणी दहा कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या मुलाने गोळ्या घालून ठार केले. त्याचे वय अवघे अठरा. कृत्य चालू असता त्याचे चित्र तो इंटरनेटवरून जगाला दाखवीत होता.

या दोघांची नावे आम्ही जाणूनबुजून छापीत नाही. २०१९ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत एकावन्न माणसे मारली गेली, तेव्हा त्या देशाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव आपण उच्चारणार नाही असे पार्लमेंटात सांगितले होते. तो धडा वृत्तपत्रांनीही गिरविण्यासारखा आहे.

न्यायालयांनी काय केले? चार्ल्स्टनच्या तरुणाला केंद्रीय न्यायालयाच्या ज्यूरीने १० जानेवारी २०१७ रोजी देहान्ताची शिक्षा ठरविली. पुढे राज्याच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला व तेथे त्याला नऊ जन्मठेपी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी केंद्रीय कायद्याखाली देहान्ताची शिक्षा झालेल्या चाळीसपैकी सदतीस कैद्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. वगळलेल्या तिघांत हा एक होता. बफेलोच्या मुलाला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटकेची आशा नसलेला आजन्म कारावास दिला, कारण त्या राज्याच्या कायद्यात देहान्त नाही. परंतु एवढ्याने केंद्रीय सरकारचे समाधान झाले नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याने आपण देहान्ताची मागणी करणार असल्याचे जाहीर केले.

देहान्ताची बाजू दुबळी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मारणाऱ्याच्या कोवळ्या वयाकडे पाहा म्हणणाऱ्यांना मेलेल्यांचे आप्त विचारतील, की आमच्या सव्वीस वर्षांच्या मुलाच्या वयाकडे त्याने पाहिले काय? शिवाय हे खून रागाच्या भरात झालेले नाहीत. जागा हेरून, शस्त्र मिळवून, शांत डोक्याने ते करण्यात आले. चार्ल्स्टनच्या तरुणाने तर तुरुंगात लिहून ठेवले, की आपल्याला खेद नाही आणि मेलेल्यांसाठी आपण एक अश्रूही गाळलेला नाही. अशा माणसाला सरकारी खर्चाने पन्नास-साठ वर्षे पोसणे हा न्याय कसा, असा प्रश्न सरळमार्गी माणसाच्या मनात उठला तर त्याला निर्दय म्हणता येणार नाही. त्याच खुनांनंतर दोन दिवसांनी जामिनाच्या सुनावणीत काही आप्तांनी, पडद्यावर दिसणाऱ्या त्या तरुणाला उद्देशून, आम्ही तुला क्षमा करतो, असे म्हटले. जगाने त्यांच्यापुढे मान लवविली. परंतु सर्वच आप्तांना क्षमा करता आली नाही, आणि ज्यांना आली नाही त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्षमा हे दान आहे. ते दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही.

तरीही आमचा कौल आजन्म कारावासाकडे आहे. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे, की देहान्ताचा धाक या गुन्हेगारांना मुळी लागूच पडत नाही. १९९८ साली टेक्सासमध्ये जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय गृहस्थाला तिघा गोऱ्यांनी ट्रकमागे बांधून फरफटत नेऊन मारले. तिघांपैकी एकाला जन्मठेप झाली, दोघांना देहान्त. त्या दोघांपैकी एकाचा २०११ मध्ये व दुसऱ्याचा २०१९ मध्ये देहान्त करण्यात आला. पहिल्याच्या वेळी खुद्द बर्ड यांच्या मुलानेच या शिक्षेला जाहीर विरोध केला होता. २०११ च्या त्या देहान्तानंतर चारच वर्षांनी चार्ल्स्टन घडले. दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्यात देहान्त आहे, न्यूयॉर्कच्या कायद्यात तो नाही. परंतु एकाही ठिकाणी पोराचा हात थांबला नाही.

दुसरे कारण आम्हां महाराष्ट्रीयांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फासाला एक तेज असते, हे आमच्या रक्तात भिनलेले आहे. चापेकर बंधू १८९८-९९ मध्ये फासावर गेले, अनंत कान्हेरे १९१० मध्ये गेले. सरकारला वाटले, प्रकरण मिटले. प्रत्यक्षात त्यांची नावे घरोघरी पोचली. पारतंत्र्याविरुद्ध उठलेल्या त्या तरुणांशी या द्वेष्ट्या मारेकऱ्यांची तुलना करण्याचे पाप आम्ही स्वप्नातही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हौतात्म्याचे वलय चढविताना फासाचा दोर वर चढलेल्याचा हेतू तपासून पाहत नाही. द्वेषाच्या पंथाला असेच हुतात्मे हवे असतात. सरकारने ते आपल्या हाताने त्याला का पुरवावेत?

तिसरे कारण आम्ही शाळामास्तर होतो तेव्हाच्या अनुभवातून सांगतो. वर्गात दोन वह्यांत एकच चूक एकाच जागी सापडली, की मास्तर मुलाला छडी मारून थांबत नाही. ज्या वहीवरून उतरविले ती वही तो शोधतो. बफेलोच्या मुलाने मागे ठेवलेल्या लांबलचक लिखाणाचा मोठा भाग क्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याच्या लिखाणावरून उतरविलेला होता. चार्ल्स्टनच्या तरुणाची शाळा नववीतच सुटली होती. वंशद्वेषाचे धडे त्याने इंटरनेटवर घेतले. त्यांचा द्वेष त्यांना कोणी तरी घोकून घेतला होता. शिष्याला यमसदनी पाठविले, की गुरूविरुद्धचा साक्षीदारच नाहीसा होतो.

आणि शिष्य कधी कधी साक्ष देतो. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी बफेलोचा तो मुलगा न्यायालयात म्हणाला, की ती माणसे कृष्णवर्णीय होती म्हणून आपण त्यांना मारले. इंटरनेटवर जे वाचले त्यावर आपण विश्वास ठेवला. आता कोणीही आपला कित्ता गिरवू नये. त्याचा पश्चात्ताप खरा की शिक्षेच्या भयाने आलेला, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच दिवशी न्यायालयात एक संतप्त माणूस त्याच्या अंगावर धावून गेला, आणि त्या संतापाचीही आम्हांस कदर आहे. परंतु हे शब्द खोटे असले, तरी ते उच्चारायला जिवंत तोंड लागते. आणि ते खरे असले, तर हजार उपदेशकांना जे साधणार नाही ते त्यांनी साधेल. विसाव्या वर्षी माणूस पुरता घडून चुकला, असे आम्ही कोणत्याही विद्यार्थ्याविषयी कधी म्हणू शकलो नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अठरा वर्षांखालील गुन्हेगारांचा देहान्त घटनाबाह्य ठरविला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८० च्या बचनसिंग खटल्यात विरळातील विरळ प्रकरणाचे तत्त्व सांगताना आरोपीचे तारुण्य ही विचारात घेण्याजोगी बाब मानली. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री मुलाच्या मनात काही उलथापालथ होत नाही, हे न्यायाधीशाने ध्यानी ठेवावे.

मात्र येथे एक अट आहे, आणि ती आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची. आजन्म म्हणजे आजन्मच असले पाहिजे. गुजरातमधील २००२ च्या दंगलीत एका गर्भवती स्त्रीवर अत्याचार करून तिच्या कुटुंबीयांच्या हत्या करण्यात आल्या. हा खटला मुंबईत चालून २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना मुक्त केले, आणि तुरुंगाच्या दाराशी त्यांना हार घालून मिठाई वाटण्यात आली! खटला महाराष्ट्रात चालला असल्याने गुजरात सरकारला तो अधिकारच नव्हता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली आणि त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. प्रश्न तेथे वयाचा नव्हता, परंतु धडा या विषयाचाच आहे. तुरुंगाच्या दाराशी पडणाऱ्या हारांतही फासाच्या दोरासारखेच वलय असते. फास नको म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे हार पाहून मान खाली घातली पाहिजे, कारण फास मागणाऱ्याच्या हाती याहून बळकट मुद्दा कोणी दिलेला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, की द्वेषापोटी खून करणाऱ्या तरुणाचा जीव राज्याने घेऊ नये. पण सणासुदीच्या माफीच्या यादीत त्याचे नाव कधीही येता कामा नये. त्याचे मन पालटल्याचा पुरावा अनेक दशकांनी कोणी आणलाच, तर तो मंत्र्याच्या कचेरीत नव्हे, उघड न्यायालयात, मृतांच्या आप्तांसमक्ष तपासला जावा. तोवर त्याने कोठडीत आपल्या कृत्यासह राहावे. आणि ज्या वहीवरून त्याने उतरविले, ती वही कोणाची, हे आपण शोधावे. ती नेहमी इंटरनेटवरच सापडेल असे नाही. परक्या जातीचा उल्लेख करताना घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी येणारी शिवी, तिच्यावर जेवणाच्या ताटावर होणारा हशा, हीही त्या वहीचीच पाने आहेत. ती फाडण्यास न्यायालयाचा हुकूम लागत नाही.