‘काकू, तिथे नाही, वर!’ : छोट्या व्यवसायाची वेबसाइट आणि समजण्याच्या तीन अटी



छोट्या व्यवसायाची वेबसाइट येणाऱ्या माणसाला सोपी कशी करायची, हा आजचा विषय. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कोडिंगमधलं मला काही विचारू नका. पण वेबसाइट हे शेवटी बोलणंच आहे. दुकानदार बोलतो आणि गिऱ्हाईक समजून घेतं. बोललेलं समजतं कसं, यावर आपल्याकडच्या नैयायिकांनी शतकानुशतकं विचार केलेला आहे. त्यातलं थोडं आज उसनं घेऊ.

माझा एक जुना विद्यार्थी देवगडकडे आंब्याच्या व्यवसायात आहे. घरची बाग, मुंबई-पुण्याला पेट्या पाठवतो. त्यानं पैसे खर्चून वेबसाइट करून घेतली. मला म्हणाला, “सर, लोक येतात, बघतात आणि निघून जातात.” हापूसचा भर असतो जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यात गेलेलं गिऱ्हाईक एकदम पुढच्या वर्षी, तेही आलं तर.

माझी थोरली बहीण ७८ वर्षांची. तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली. तिला दोन पेट्या हव्या होत्या. मी म्हटलं, याच्या वेबसाइटवरून मागव. अर्ध्या तासानं तिनं फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, “अरे, आपलं वय झालं. मला नाही हे जमायचं.”

हे वाक्य जरा नीट ऐका. आंबे मिळाले नाहीत, ही तक्रार त्यात नाही. त्यात तिनं स्वतःला नापास करून टाकलंय. अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी हेच दाखवलं, की वस्तू वापरताना अडलं की माणूस बहुधा स्वतःला दोष देतो, खरा दोष रचनेत असला तरी. आता याचा धंद्यावर परिणाम काय? जो स्वतःलाच दोष देतो, तो तुमच्याकडे तक्रार करत नाही. गुपचूप निघून जातो. म्हणून मालकाला कधी कळतच नाही, की आपलं चुकतंय कुठे.

मग मी ती वेबसाइट उघडून बसलो. आणि मला अन्नंभट्ट आठवले.

अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा सतराव्या शतकातला छोटा ग्रंथ, न्यायशास्त्राचं पहिलं पाठ्यपुस्तकच म्हणा ना. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी त्यात तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. घाबरू नका, तिन्ही सोप्या आहेत.

पहिली आकांक्षा. एक शब्द ऐकला की पुढच्या शब्दाची अपेक्षा तयार होते, आणि ती पुरी झाली तरच अर्थ लागतो. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती नावं ओळीनं म्हटली, तर एकानं दुसऱ्याची अपेक्षा जागी होत नाही. मग वाक्यही होत नाही. ताई त्या वेबसाइटवर आली तेव्हा तिच्या मनात चार प्रश्न होते. पेटी किती डझनांची? भाव काय? आंबा तयार येणार की घरी पिकवायचा? आणि पुण्याला कधी पोचणार? समोर काय होतं? सरकणारी भली मोठी चित्रं, मग ‘तीन पिढ्यांची परंपरा’, मग मालकाचं मनोगत. यातलं खोटं काहीच नाही. पण विचारलं होतं कुणी? आपण दुकानात शिरून भाव विचारला आणि दुकानदारानं आजोबांच्या तसबिरीकडे बोट दाखवलं, तर कसं वाटेल? तेव्हा पहिलं काम असं : गिऱ्हाईक फोनवर नेहमी जे चार-पाच प्रश्न विचारतं, ते कागदावर लिहून काढा आणि त्यांची उत्तरं पहिल्याच पानावर, सगळ्यात वर द्या. आजोबा खाली असू देत. तिथेही त्यांचा मान राहतो.

दुसरी अट योग्यता. शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळायला हवेत. विस्तवानं शिंपण करा, असं म्हटलं तर व्याकरण बरोबर आहे, पण विस्तवानं शिंपण होत नाही, म्हणून अर्थ बसत नाही. त्या वेबसाइटवर एक ठळक बटण होतं : ‘कोकणचा स्वाद अनुभवा’. ताईनं ते दाबलं. तिला वाटलं, मागणी इथेच नोंदवायची असणार. उघडलं काय, तर बागेचे फोटो! बटणावर जे लिहिलंय तेच दाबल्यावर घडायला हवं. ‘पेटी मागवा’, ‘भाव बघा’, ‘फोन करा’, असे साधे शब्द ठेवा. तिथे काव्य नको.

दिसण्याचीही योग्यता असते. जे बटणासारखं दिसतं ते दाबलं जायला हवं. त्याचा फोन नंबर निळ्या चौकटीत छापलेला होता. पण तो नंबर चित्राचा भाग होता, बोट लावलं तरी फोन लागेना. दरपत्रकही असंच, छापील पत्रकाचा फोटो काढून चिकटवलेला. चित्रातली अक्षरं फोनवर बारीक दिसतात आणि मोठी करायला गेलं की फुटतात. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यालाही चित्रातला भाव सहसा धड वाचता येत नाही. म्हणून भाव आणि नंबर टाइप केलेलेच हवेत, आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये. छपाईसाठी जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच उचलून टाकला, तर समोरच्याला नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

इथेच रंगाचंही सांगतो. त्याच्या वेबसाइटवर आंबा-पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती. सुंदर दिसतात, वाचता येत नाहीत. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ : १ असावं, असं सांगितलंय. तेवढं मोजत बसायचं नसेल, तर फोन घेऊन भर दुपारी अंगणात उभे राहा. भाव वाचता आला पाहिजे.

तिसरी अट संनिधी, म्हणजे जवळिकता. ‘गाय’ हा शब्द सकाळी उच्चारला आणि ‘आण’ हा दुपारी, तर ऐकणाऱ्याला काही बोध होणार नाही. जे एकत्र समजून घ्यायचं, ते एकत्र यायला हवं. ताईनं कसाबसा फॉर्म शोधला, नाव-पत्ता भरला, मोबाइल नंबर लिहिला. आपण सगळे लिहितो तसा, पाच आकडे, मग थोडी जागा, मग पाच आकडे. बटण दाबलं. ‘माहिती अवैध आहे’ असं लाल अक्षरांत पानाच्या वरच्या टोकाला आलं. ताई होती खालच्या टोकाला! तिला ते दिसलंच नाही. पुन्हा दाबलं, तर भरलेलं सगळं पुसलं गेलं.

यात एकाच वेळी चार चुका आहेत. चुकीची सूचना त्या रकान्याशेजारी हवी, हा संनिधीचा नियम. सूचनेत उपायही हवा : ‘मोबाइल नंबर दहा आकडी लिहा’. ‘अवैध’ हा शब्द तर कोर्टात शोभतो. एक रकाना चुकला म्हणून बाकीचे पुसायचे नाहीत. आणि मधली रिकामी जागा काढून टाकणं हे यंत्राला क्षणाचं काम आहे, ते ७८ वर्षांच्या बाईकडून का करवून घ्यायचं?

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वेबसाइटमधले दोष आम्हाला कसे कळणार? पुढच्या वेळी तो विद्यार्थी पुण्याला आला, तेव्हा मी त्याला ताईच्या शेजारी बसवलं. तिला म्हटलं, दोन पेट्या मागव. त्याला म्हटलं, तू फक्त बघ, तोंड उघडायचं नाही. मिनिटभरही टिकला नाही! “काकू, तिथे नाही, वर! वर दाबा!” मी म्हटलं, बाबा रे, हे वाक्य सांगायला तू प्रत्येक घरात जाणार आहेस का? तुझी जी सूचना तोंडावर येते, तिथेच तुझी वेबसाइट अडते. लिहून घे.

त्या दिवशी त्यानं वहीत अकरा गोष्टी लिहिल्या. याकोब नीलसन हे या क्षेत्रातले मोठे जाणकार. त्यांनी २००० साली मांडलं, की अशी चाचणी पाच माणसांवर घेतली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी समोर येतात. त्यांच्या गणितानुसार सुमारे ८५ टक्के. मोठा खर्च नको. पाच जणांना बघा, दुरुस्त करा, मग पुन्हा नव्या पाच जणांना बघा. मात्र ती माणसं घरची, शाबासकी देणारी नकोत. आणि ‘वेबसाइट कशी वाटली?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. काम द्या आणि गप्प बसा.

त्याची विक्री किती वाढली, असं विचाराल. एका हंगामावरून तसं सांगणं तर्काला धरून होणार नाही; त्या वर्षीचं पीक, हवामान, बाजारभाव, सगळ्याचाच त्यात हात असतो. पण तो म्हणतो, फोनवरचे प्रश्न बदलले. आधी लोक ‘भाव काय’ विचारायचे, आता ‘यंदा पायरी आहे का’ विचारतात.

आणि ताई? तिनं सात-आठ मिनिटांत दोन पेट्या मागवल्या, चष्मा काढला आणि म्हणाली, “हे आधी का नाही असं केलं?” वयाचा विषय तिनं काढला नाही. मलाही तेवढंच सांगायचं होतं.