शंभरपैकी शंभर, पण कशाचे?

ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्च २०२० मध्ये कोरोनाकाळातील सरकारी धोरणांची जागतिक नोंद सुरू केली. शाळा, कामाची ठिकाणे, वाहतूक बंद, घरात राहण्याची सक्ती अशा नऊ बाबींवरून देशोदेशींच्या कठोरतेला शून्य ते शंभर गुण मिळत. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीला भारताने पूर्ण १०० मिळवले! काहींनी तर ते प्रगतिपुस्तकासारखे मिरवले. हे गुण कठोरतेचे आहेत, यशाचे नव्हेत, असे खुद्द संशोधकांनीच बजावले होते.

आम्ही तुलनेच्या विरोधात नाही. पण आर्थिक मदतीचा रकाना याच नोंदीत वेगळा आहे, तोही वाचावा. ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांच्या वेतनाचा ८० टक्के भार, मर्यादेपर्यंत का होईना, उचलला. आपल्याकडे जनधन खातेदार महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये! रेशनचे जादा धान्य होते. पण कार्ड गावी आणि मजूर शहरात, त्याने काय करावे? पूर्वसूचना अवघ्या चार तासांची. आणि सफाई कामगाराला ‘घरात राहा’ कोण म्हणाले?

८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारले गेले, परतीच्या वाटेवर किती स्थलांतरित मजूर मेले? कामगार मंत्रालयाचे उत्तर: अशी माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.