नोंदवही आणि गुणतक्ता

वॉशिंग्टन राज्यातील एका हायस्कुलात, 2012 सालच्या मे महिन्यात, बारावीच्या विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या प्रकल्पांचे परीक्षण करण्यासाठी गावचा रहिवासी या नात्याने मला पाचारण झाले, तेव्हा वर्गाच्या दाराशी हाती पडलेला एकपानी गुणतक्ता हेच त्या संध्याकाळचे सर्वस्व, अशी माझी समजूत होती. संशोधन, मांडणी, वक्तृत्व असे त्यात रकाने होते, आणि प्रत्येकापुढे 1 ते 4 हे आकडे. परीक्षक आम्ही तिघे: इंग्रजीच्या एक शिक्षिका, अग्निशामक दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी.

दुसरा मुलगा लाकडी कयाक बांधून आला होता. वाणी अडखळती, चित्रे अंधुक. दहा मिनिटांचे भाषण त्याने सातातच आटोपले. परंतु मेजावर ठेवलेली त्याची नोंदवही चाळता चाळता जानेवारीच्या पानांवर फासळ्या तुटल्याचे उल्लेख लागोपाठ आढळले, म्हणून मी कारण विचारले. तेव्हा तो प्रथमच मान वर करून बोलू लागला: ओकच्या पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या असतात, त्याने मात्र भट्टीत सुकवलेले लाकूड विकत आणले होते आणि ते वाकण्याऐवजी तडकत होते, मार्गदर्शक सुताराने दोन आठवडे मुद्दामच काही सांगितले नाही, अखेर नुसत्या हवेवर सुकलेले लाकूड आणून पाहिले, तेव्हा फासळी वळली. हा सारा वृत्तांत त्याने अपयश समजून भाषणातून गाळला होता. तो कोणत्या रकान्यात बसवावा, हे आम्हां तिघांनाही उमगेना, आणि ‘संशोधना’पुढे आमचे आकडे पडले 2, 3 आणि 4.

माझ्या पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची जर्नले आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलांवरून उतरवली जात आणि सर्वांची उत्तरे दशांशापर्यंत जुळत. तुटलेली फासळी त्यांत कोठेच नसे. म्हणूनच ती नोंदवही मला इतकी मोलाची वाटली.

बारावीच्या मुलांनी असा वर्षभराचा प्रकल्प लोकांसमोर मांडण्याच्या प्रथेचा एक उगम ऑरेगनमधील मेडफर्ड गावी, 1986 साली, साउथ मेडफर्ड हायस्कुलात सांगितला जातो. अमेरिकी शिक्षणसुधारक थिओडोर सायझर यांनी 1984 मध्ये हायस्कूलचा दाखला मिळण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले ज्ञान लोकांसमोर सिद्ध करावे, असा आग्रह धरला होता, तोही याच विचाराचा. पुढे वॉशिंग्टनने 2008 च्या तुकडीपासून प्रकल्प सक्तीचा केला आणि 2014 च्या कायद्याने, ज्याने दाखल्यासाठी 24 क्रेडिटांची अट अंमलात आणली, राज्यापुरती ती सक्ती रद्दबातल ठरवली. पुढचा निर्णय स्थानिक शिक्षण मंडळांकडे राहिला.

प्रकल्पाचा उपयोग किती, याचा पडताळा घेणे अतिशय कठीण आहे. जी शाळा तो आपखुशीने स्वीकारते, तिथे उत्साही शिक्षक आधीच असतात, त्यामुळे तिची मुले सरस ठरली तरी श्रेय प्रकल्पाचे की त्या शिक्षकांचे, हे ठरत नाही. आणि सरकारी हुकमाने तो सर्वत्र लागू झाला, की तुलनेसाठी प्रकल्पाविना शाळाच त्या राज्यात उरत नाही. वर्षाअखेर वाटलेल्या प्रश्नावलीतून समाधान किंवा सुटका एवढेच कळते, आणि गुणांच्या बेरजेवर विसंबावे, तर एकाच मुलाविषयी तीन परीक्षकांचे तीन आकडे मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. माझ्या मते, ज्या संशोधकांना या प्रथेचा न्याय करावयाचा आहे, त्यांनी गुणतक्त्यांआधी मुलांच्या नोंदवह्या मागवाव्या, चूक केव्हा झाली, ती कोणी ओळखली आणि त्यानंतर मुलाने काय केले, एवढे तारीखवार तपासावे, आणि मार्गदर्शकाची साक्षही घ्यावी. हे काम संथ आहे, खर्चाचे आहे. तरी ते झाल्याखेरीज प्रकल्प निष्फळ म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

त्या रात्री आमचे तक्ते शाळेच्या दप्तरी जमा झाले. नोंदवही मुलाला परत देण्यात आली.