लेकीच्या मोबाईलमध्ये गाणं येतं कुठून?

बचत गटाची बैठक संपली, पासबुकं गोळा झाली, की चहाच्या वेळी हल्ली एकच विषय निघतो. "पोरगी सारखी कानात वायर घालून बसते." "काय ऐकते, कुणाला काय पाठवते, काही पत्ता लागत नाही." एक-दोघी तर सरळ म्हणाल्या, परीक्षा होईपर्यंत मोबाईल काढूनच घेणार. घ्यायचा की नाही हे तुमचं घर ठरवेल. पण त्या मोबाईलमध्ये गाणं येतं कसं आणि तिथून पुढे जातं कसं, हे आईला आधी ठाऊक असावं. नाहीतर नको त्या गोष्टीवरून घरात भांडण होतं आणि ज्यावर लक्ष ठेवायला पाहिजे ते तसंच राहून जातं.

आमच्या लहानपणी रेडिओवर लागेल ते गाणं ऐकायचं. फार तर जत्रेतून एखादी कॅसेट यायची. पुढे कॉलेजात असताना तालुक्याच्या मोबाईल दुकानात मेमरी कार्ड दिलं, की दुकानदार त्याच्याकडची गाणी भरून द्यायचा. त्याच्याकडे जी असतील तीच आपली आवड! 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट एकदम स्वस्त झालं आणि हे सगळं बदललं. मेमरी कार्डातलं गाणं म्हणजे हंड्यात भरून ठेवलेलं पाणी. आताचं गाणं म्हणजे नळ. उघडला की येतं, बंद केला की थांबतं, घरात काही साठत नाही. म्हणून दर वेळी ऐकताना नेट खर्च होतं. चार मिनिटांचं गाणं नुसतं ऐकलं तर साधारण चार-पाच एमबी जातात. तेच चित्रासकट स्वच्छ बघितलं तर त्याच्या दसपट किंवा जास्तही. दुपारीच नेट संपलं अशी तक्रार असेल, तर आधी व्हिडिओची क्वालिटी कमी करून बघा.

आता मुलगी गाणं शोधते कशी, ते पाहू. मैत्रिणीनं पाठवलं, कुणाच्या स्टेटसला दिसलं, हे तर आहेच. नाव आठवत असेल तर लिहून शोधते, लिहायचा कंटाळा आला तर माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोलते. शब्दच आठवत नसतील तर गुणगुणते! गुगलच्या ॲपमध्ये 2020पासून ही सोय आहे. माईक दाबायचा, गाणं शोधायचं बटण दाबायचं आणि दहा-पंधरा सेकंद चाल म्हणायची. मशीन त्या चालीशी जुळणारी गाणी पुढे ठेवतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या आपल्या सदस्यांना तर ही सोय फारच उपयोगी आहे.

पण बरीचशी गाणी तिनं शोधलेलीच नसतात. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. हे कोण लावतं? आपल्या रेडिओवर कुठलं गाणं लावायचं हे इथं बसलेलं माणूस ठरवतं. सकाळी अभंग, दुपारी शेतीची माहिती, अमावास्येला अमुक, पंचमीला तमुक. यूट्यूबवर तसं माणूस बसलेलं नाही. तिथलं मशीन फक्त हिशेब ठेवतं. तुम्ही काय दाबलं, किती वेळ ऐकलं, कुठं अर्ध्यात सोडलं आणि ज्यांनी हे ऐकलं त्यांनी पुढे काय ऐकलं. त्यावरून अंदाज बांधून ते पुढचं वाढून ठेवतं. तुम्ही एक भारूड शेवटपर्यंत ऐकलं तर उद्या पाच भारुडं दिसतील. मुलीनं उदास होऊन एक रडकं गाणं तीनदा ऐकलं तर तिच्यापुढे रडक्या गाण्यांची रांग लागेल. तिचं मन कसं आहे याच्याशी मशीनला देणंघेणं नाही. ती थांबेल की जाईल, एवढंच ते बघतं, कारण ती जितकी थांबेल तितक्या जाहिराती दिसतात आणि कंपनीचे पैसे त्यावरच असतात.

एका घरातली गोष्ट सांगते. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं तालुक्याला जाणारी. वडिलांनी मोबाईल उघडला तर पहिल्याच पानावर नको तसल्या नाचाचे व्हिडिओ. झालं, कॉलेज बंद करायची भाषा सुरू झाली. आई गटात येऊन रडली. आम्ही दोघी-तिघी घरी गेलो आणि यूट्यूबची हिस्टरी उघडून बघितली. त्यात काय बघितलं ते दिवसवार लिहिलेलं असतं. फोन घरात एकच. त्यावर धाकटा भाऊ कार्टून बघायचा, मुलगी गाणी आणि इतिहासाची लेक्चर्स ऐकायची आणि रात्री फोन चुलत्यांकडे असायचा. ते व्हिडिओ सगळे रात्री अकरानंतरचे होते, मुलगी झोपल्यावरचे. चुलते काही बोलले नाहीत. मुलगी दुसऱ्या दिवशी एसटीनं कॉलेजला गेली.

म्हणजे पडद्यावर एखादी गोष्ट दिसली म्हणून ती मुलीनंच शोधली, असा अर्थ काढू नका. आपल्याकडे एक फोन चार जण वापरतात आणि मशीनला ते चौघे मिळून एकच माणूस वाटतात. आणि दोष पहिल्यांदा कुणावर येतो, हे मी सांगायला नको. यावर उपाय सोपे आहेत. नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'यात रस नाही' म्हणता येतं. हिस्टरी पुसता येते. एकामागून एक आपोआप लागणंही बंद करता येतं. शक्य असेल तर मुलीला तिचं वेगळं खातं काढून द्या.

पुढचा भाग पाठवण्याचा. व्हॉट्सॲपवर गाण्याची लिंक पाठवली तर नुसता पत्ता जातो, ऐकणारा तिथं जाऊन ऐकतो. अख्खा व्हिडिओ पाठवला तर तो त्याच्या फोनमध्ये जाऊन बसतो, मग तो कुणाकडे जाईल यावर आपला ताबा उरत नाही. स्टेटस चोवीस तासांनी जातं खरं, पण तेवढ्यात कुणी उतरवून घेतलं तर घेतलं. अफवांमुळे देशात माणसं मारली गेली, त्यानंतर 2018मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. ज्यावर दुहेरी बाण दिसतो ते आधीच खूप फिरलेलं असतं. 2020पासून ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतं. अनोळखी लिंकवरून 'फुकट गाण्यांचं ॲप' तर कधीच घेऊ नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा.

यूट्यूबवर स्वतःचा व्हिडिओ टाकताना तो सगळ्यांना दिसावा, फक्त लिंक असणाऱ्यांना दिसावा की अगदी ठरावीक माणसांनाच, हे निवडता येतं. मुलीला ही तीन बटणं ठाऊक आहेत का, एवढं जरूर विचारा. आणि गटाच्या पापड-लोणच्याच्या व्हिडिओला मागून सिनेमाचं गाणं लावू नका. ते गाणं कंपनीच्या मालकीचं असतं, मशीन ते ओळखतं आणि मग आवाज तरी जातो नाहीतर जाहिरातीचा पैसा तरी कंपनीकडे जातो.

आपल्या आजीची ओवी मात्र कुणा कंपनीची नाही. या एका गोष्टीसाठी तरी मुलीच्या हातात फोन असावा असं मला वाटतं. तिला 'जात्यावरच्या ओव्या' असं लिहून शोधायला सांगा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी 1990च्या दशकात त्यातल्या कितीतरी टेपवर घेतल्या, मुळशी तालुक्यातल्या बायकांचे आवाज त्यात आहेत. पी. साईनाथ यांनी 2014मध्ये सुरू केलेल्या 'परी' या संकेतस्थळावर 2017पासून त्या ऐकायला मिळतात. मला त्यात सगळ्यात आवडलं ते असं, की ओवीसोबत म्हणणारीचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. आपल्याकडे एरवी बाईचं गाणं 'पारंपरिक' म्हणून खपवतात आणि तिचं नाव गळून जातं.

तुमच्या घरीही हे करता येईल. 1957च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचाही हक्क धरलेला आहे, तेव्हा आजी नकळत गुणगुणत असताना चोरून रेकॉर्ड करायचं नाही, विचारून करायचं. पंखा बंद, दार लोटलेलं, फोन तोंडापासून वीतभर लांब. आधी तिनं स्वतःचं नाव, सासरचं आणि माहेरचं गाव सांगायचं, मग ओवी. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी तिला एकदा ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकून बऱ्याच जणी म्हणतात, थांब गं, ही नीट नाही झाली, परत म्हणते.