शेअर फोल्डर उघडत नाही? आधी नकार नीट वाचा

घरात आता एकच संगणक क्वचित असतो. फोटो आणि कागदपत्रे डेस्कटॉपवर, मुलांकडे एक लॅपटॉप, ऑफिसच्या कामाचा दुसरा, आणि सगळे एकाच राउटरला जोडलेले. अशा घरात डेस्कटॉपवरचा एक फोल्डर शेअर केला की पेन ड्राइव्हची ने-आण थांबते, आणि ही सोय विंडोजमध्ये वेगळे पैसे न मोजता मिळते. पण दुसऱ्या लॅपटॉपवरून तो फोल्डर उघडायला गेले की पुष्कळदा नकार येतो आणि मग ठरलेले उपाय सुरू होतात: फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढून टाका, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळे व्हा. या तिन्ही उपायांमागे एकच समजूत आहे, की बंदोबस्त जास्त झाला म्हणून अडले, तेव्हा तो सैल करावा. ही समजूत चुकीची आहे. शेअर फोल्डर उघडण्यापूर्वी तीन गोष्टी एकापाठोपाठ तपासल्या जातात: मागणी त्या संगणकापर्यंत पोहोचते का, मागणारा कोण आहे, आणि त्याला काय करण्याची मुभा आहे. नकार यांपैकी एका टप्प्यावर मिळालेला असतो. तो टप्पा न शोधता सगळेच सैल केले, तर फोल्डर बऱ्याचदा बंदच राहतो आणि घरातला बाकीचा डेटा मात्र उघडा पडतो.

गैरसमज : फोल्डर उघडत नाही म्हणजे परमिशनचाच घोटाळा

वस्तुस्थिती अशी की पडद्यावरचा संदेशच बहुधा टप्पा सांगतो, फक्त तो वाचायला हवा. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असे आले, तर मागणी परमिशनपर्यंत गेलेलीच नसते. फोल्डर असलेला संगणक झोपेच्या अवस्थेत गेला असेल, एक लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल (त्यावरच्या उपकरणांना घरातली इतर उपकरणे सहसा दिसू दिली जात नाहीत), किंवा विंडोजने घरचे वाय-फाय ‘पब्लिक’ ठरवले असेल. शेवटचे कारण फार सर्रास आढळते. ‘पब्लिक’ म्हणजे स्टेशन किंवा हॉटेलमधल्यासारखे परके नेटवर्क असे मानून विंडोज शेअरिंग अडवते. डेस्कटॉपवर तेच नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू केले की फायरवॉल त्यासाठी लागणारे टीसीपी ४४५ हे पोर्ट घरच्या उपकरणांपुरते मोकळे करते. त्यासाठी आख्खी फायरवॉल बंद करण्याची गरज नसते. संगणक नावाने सापडत नसेल, तर त्याचा आयपी पत्ता टाकून पाहावा. पत्त्याने फोल्डर उघडला, तर बिघाड नाव ओळखण्यात आहे आणि परमिशनला हात लावण्याचे कारणच उरत नाही. याउलट युझरनेम आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर अडचण दुसऱ्या टप्प्यावर आहे. ‘ॲक्सेस डिनाइड’ आले, तर बहुतेक वेळा तिसऱ्या.

गैरसमज : रोजचा पिन चालत नाही, म्हणून पासवर्डच बंद करावा

पिन चालत नाही यात बिघाड काहीच नाही. विंडोजचा पिन मुद्दामच ज्या त्या संगणकापुरता ठेवलेला असतो. नेटवर्कवरून ओळख पटवायला तो उपयोगी पडत नाही. तिथे ज्या संगणकावर फोल्डर आहे त्या संगणकावरचे खाते आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड. गंमत म्हणून किंवा सोय म्हणून खात्याला पासवर्डच ठेवला नसेल, तर काम आणखी अडते, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याने फक्त समोर बसून लॉगिन करता यावे, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळचा नियम आहे. म्हणजे पासवर्ड काढल्याने वाट मोकळी होण्याऐवजी बंद होते. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून पाहुण्यासारखा विनाओळख प्रवेश द्यावा, हा जुना तोडगाही आता टिकत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संस्करणातही असा प्रवेश मुळातच बंद ठेवलेला आहे. सरळ उपाय असा, की डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळे लोकल खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि बाकीच्या उपकरणांवर तोच एकदा जतन करावा. पुढे पासवर्ड बदलला, तर प्रत्येक लॅपटॉपच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली जुनी नोंद काढायला विसरू नये, नाहीतर विंडोज जुनाच पासवर्ड पुढे करत राहते आणि दोष परमिशनला दिला जातो.

गैरसमज : शेअर करताना ‘फुल कंट्रोल’ दिले, आता अडायला नको

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, कारण परमिशनचे थर दोन आहेत. एक ‘शेअरिंग’ टॅबमधला, तो फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होतो. दुसरा ‘सिक्युरिटी’ टॅबमधला, म्हणजे एनटीएफएस या फाइल सिस्टीमचा. तो समोर बसणाऱ्यालाही लागू असतो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने सोडले, तरी फ्लॅटचे कुलूप वेगळे असते, तसा हा प्रकार आहे. नेटवर्कवरून येताना दोन्ही थर ओलांडावे लागतात आणि त्यांतला जो कडक असेल तोच चालतो. म्हणून शेअरमध्ये ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल, तर फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. उलटही खरे आहे: ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून फोल्डर शेअर केला की सुरुवातीला ‘एव्हरीवन’ला फक्त वाचण्याची मुभा मिळते, त्यामुळे सिक्युरिटीत सगळे देऊनही लिहिता येत नाही. एकाच थराच्या आत मात्र हिशेब वेगळा आहे. तिथे माणूस ज्या ज्या ग्रुपमध्ये असेल त्या सगळ्यांच्या मुभांची बेरीज होते. बेरीज थराच्या आत आणि कडक तो नियम दोन थरांमध्ये, एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे कोडे सुटते. सिक्युरिटीच्या थरात कोणाला नक्की काय मिळते हे ‘सिक्युरिटी’तल्या ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’मध्ये बघता येते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मोठ्या कार्यालयांतले ॲडमिनही शेअरच्या थरात सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’ देतात, मग घरी का नको? ते देतात हे खरे, पण नेमके नियंत्रण सिक्युरिटीच्या थरात ठेवलेले असते म्हणून. एक थर मोकळा आणि दुसरा काटेकोर, अशी ती रचना आहे, आणि घरीही ती चांगली चालते. दोन्ही थरांत ‘एव्हरीवन’ला सगळे देणे म्हणजे ती रचना नव्हे. शिवाय एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीच्या बाहेरच्या ड्राइव्हवर सिक्युरिटीचा थर नसतोच. तिथे शेअरचा थर मोकळा सोडला तर दुसरा अडसर उरत नाही.

गैरसमज : नको त्याला ‘डिनाय’ केले की काम झाले

सारख्याच पातळीवर ‘डिनाय’ हा ‘अलाऊ’ला हरवतो, आणि तो ग्रुपवर लावला तर त्या ग्रुपमधला प्रत्येक जण अडतो. ‘एव्हरीवन’ला डिनाय करून स्वतःला अलाऊ करणारा माणूस स्वतःच बाहेर राहतो, कारण ‘एव्हरीवन’मध्ये तोही आला. एखाद्याला दूर ठेवायचे असेल तर त्याचे नाव यादीत न घालणे पुरेसे असते. आणखी एक बाब लोकांना चक्रावते: शेअर फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली उघडतात आणि एखादीच नाही. त्याच ड्राइव्हवर ‘कट-पेस्ट’ करून हलवलेली फाइल आपल्या जुन्या परमिशन सोबत नेते, कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरच्या परमिशन घेते. अशा वेळी फोल्डरची सेटिंग्ज पुन्हा पुन्हा बदलण्यात अर्थ नसतो. त्या एका फाइलचा वारसा, म्हणजे ‘इनहेरिटन्स’, पुन्हा लागू करावा लागतो.

गैरसमज : घरचेच नेटवर्क आहे, मोकळे ठेवले तर काय बिघडले?

हा आक्षेप सर्वांत पटणारा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर पुराव्याने द्यायला हवे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर शंभराहून अधिक देशांत पसरले आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांचे काम ठप्प झाले. ते फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या भाषेतल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होते. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती अनेकांनी घेतली नव्हती. जुना टीव्ही किंवा स्कॅनर चालावा म्हणून आजही पुष्कळ जण एसएमबी १ पुन्हा चालू करतात. त्याऐवजी उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करावे. तेही शक्य नसेल तर पेन ड्राइव्ह बरा. शिवाय रॅन्समवेअरला दर वेळी त्रुटी लागतेच असे नाही. ज्या लॅपटॉपवर ते शिरते, त्या लॅपटॉपला जिथे जिथे लिहिण्याची मुभा आहे, तिथल्या फाइली ते कुलूपबंद करू शकते. घरातल्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, सातबाऱ्याचे उतारे आणि वर्षानुवर्षांचे फोटो असतात. मुलाच्या लॅपटॉपवर चुकून उघडलेल्या एका अटॅचमेंटमुळे ते सगळे जाऊ शकते, आणि तो लॅपटॉप घरचाच असतो.

म्हणून पुढच्या वेळी फोल्डर अडला तर काही सैल करण्याआधी क्रमाने पाहा: मागणी संगणकापर्यंत पोहोचते का, खाते आणि पासवर्ड बरोबर आहे का, दोन्ही थरांत मुभा आहे का. फोटो आणि कागदपत्रे ज्यांना फक्त बघायची आहेत, त्यांना ‘रीड’ पुरेसे आहे. लिहिण्याची मुभा गरज असेल त्यालाच द्या, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या ड्राइव्हवर ठेवा.