‘जीवनोदका’ची कुळकथा

‘व्हिस्की’ हा शब्द आज सुखवस्तूंच्या बैठकीत जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितकेच त्याचे कुळ अनपेक्षित आहे. मध्ययुगीन युरोपातील मठांत ऊर्ध्वपातनाने काढलेल्या मद्यार्काला लॅटिनमध्ये ‘अक्वा व्हिटे’, म्हणजे जीवनाचे पाणी, असे म्हणत. औषध म्हणून त्याचा लौकिक होता. आयर्लंड व स्कॉटलंडमधील गेलिक भाषिकांनी या नावाचे सरळ भाषांतर केले : ‘उश्के बेहा’. ‘उश्के’ म्हणजे पाणी, ‘बेहा’ म्हणजे जीवन. भाषाशास्त्रानुसार पहिला शब्द आपल्या ‘उदका’चा, तर दुसरा ‘जीवा’चा दूरचा भाऊबंद! पुढे इंग्रजांच्या तोंडी हे नाव झिजले, त्यातील ‘जीवन’ गळाले आणि अठराव्या शतकापर्यंत नुसते ‘पाणी’ तेवढे उरले.

स्कॉटलंडच्या राजकोषाच्या दप्तरात १४९४ साली जॉन कॉर नामक मठवासियास, राजाज्ञेवरून, ‘अक्वा व्हिटे’ करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले धान्य. बोल हे तेथील जुने माप. जे राजाने देवविले, त्यावर राज्यसंस्थेची दृष्टी पडणे क्रमप्राप्तच होते. १६४४ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने मद्यार्कावर कर बसविला. कर वाढत गेला, तशा डोंगरकपारीत चोरट्या भट्ट्या वाढल्या. अखेर १८२३ च्या कायद्याने कराचा बोजा हलका केला, तेव्हा कोठे परवान्याचा धंदा किफायतशीर ठरला.

मग प्रश्न आला नावाच्या मर्यादेचा. व्हिस्की नेमकी कशाला म्हणावे, हे ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १९०९ मध्ये आला. आज युरोपीय संघात धान्यापासून केलेल्या आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरविलेल्या मद्यालाच हे नाव लावता येते. भारतात मात्र उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचीही ‘व्हिस्की’ होते. महाराष्ट्रासारख्या साखर कारखान्यांच्या राज्याला यातील अर्थकारण वेगळे सांगावयास नको.

२००८ मध्ये ‘स्कॉट’ या शब्दाचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निकाल भारतीय उत्पादकाच्या बाजूने लागला. हे मद्य घेणारा वर्ग जाणता असून त्याला स्कॉच आणि इतर मद्य यांतील भेद कळतो, अशी न्यायालयाची धारणा होती. महागड्या बाटलीपुरती ती खरीही असेल. परंतु स्वस्त बाटली घेणाऱ्याला आत धान्य आहे की मळी, हे कोण सांगणार? बाजारात नाव हे एक प्रकारचे वचन असते. ग्राहकाला आतील वस्तू पारखता येत नाही, म्हणूनच तो नावासाठी चार पैसे अधिक मोजतो. ते वचन पाळले जावयाचे, तर आतील द्रव्य कशाचे, हे बाटलीवर ठळकपणे छापणे सक्तीचे हवे. ‘जीवना’चे नाव तर या पेयाने केव्हाच गमावले आहे, निदान उरलेले नाव तरी प्रामाणिक असावे.