जुनी गोळी, जुनी सलाईन

फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या टार्गेटेड औषधांचा आढावा म्हटला की गोळ्यांची वंशावळ मांडायची रीत पडली आहे. ती एका दमात सांगून मोकळं होऊ. 2003 मध्ये अमेरिकेत गेफिटिनिबला मान्यता मिळाली. ते नेमकं कुणाला लागू पडतं, याचं उत्तर 2004 मध्ये ईजीएफआर जनुकातल्या बदलांत सापडलं. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी एएलकेचा दोष दाखवला, 2011 मध्ये त्यावर क्रिझोटिनिब आलं आणि 2015 मध्ये ईजीएफआरवरच ओसिमेर्टिनिब. पुढे आरओएस-1, रेट, मेट, केरास अशी नावं येतच राहिली, आणि जवळपास प्रत्येक नावामागे एक महागडी डबी. या वंशावळीत मुंबईतल्या परळचा उल्लेख सहसा नसतो. माझं म्हणणं असं की, भंडारा जिल्ह्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने या साऱ्या काळातलं सर्वांत मोलाचं काम कुठल्या नव्या रेणूचं नाही. ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे: जुन्या गोळीला जुन्या केमोची जोड.

हे काम सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या परिषदांत ते दोन ओळींत उरकतात. ईजीएफआरचा बदल असलेले, आजार पसरलेले 350 रुग्ण. निम्म्यांना रोजची 250 मिलिग्रॅमची गेफिटिनिबची गोळी. उरलेल्यांना तीच गोळी आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लाटिन. अशी चार चक्रं झाली की कार्बोप्लाटिन बंद आणि पेमेट्रेक्सेड चालू. यात निवडून घेतलेले धडधाकट रुग्णच नव्हते. आजाराने बरेच थकलेलेही होते. मध्यक काढला तर नुसत्या गोळीवर आजार 8 महिने आटोक्यात राहिला, जोडीवर 16. गोळीवाल्या गटाचं मध्यक आयुष्य 17 महिने भरलं. जोडीवाल्या गटात निष्कर्ष मांडेपर्यंत निम्मे रुग्णही दगावले नव्हते, त्यामुळे तो आकडा काढताच आला नाही. हे 2020 मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी एका जपानी चाचणीनेही तोच कल दाखवला. तोवर शहाण्यांचं मत होतं की हा प्रश्न निकालात निघाला आहे, कारण गेफिटिनिब आणि केमो एकत्र देण्याचे दोन मोठे प्रयोग 2004 मध्येच फसले होते. ते फसले हे खरं. पण त्यांत जनुकाची तपासणी न करता सरसकट सगळ्यांना गोळी दिली होती, हे सांगायला ही मंडळी सोयीस्कर विसरतात.

जोडीवर पहिला आक्षेप त्रासाचा, आणि तो खोटा नाही. गंभीर दुष्परिणाम नुसत्या गोळीवर 25 टक्के रुग्णांत दिसले, जोडीवर 51 टक्क्यांत. रक्तपेशी घटतात, थकवा येतो. गोळीचे स्वतःचे पुरळ, जुलाब आणि नखुरडी असतातच. ऐन रोवणीत चिखलात हात घालणाऱ्या बाईला नखुरडं म्हणजे काय, हे दुष्परिणामांच्या तक्त्यात येत नाही. म्हणून वय, मूत्रपिंडं आणि घरचा आधार पाहूनच जोडी द्यावी. पण त्रास दुप्पट म्हणून उपचार बाद करणाऱ्यांनी आजार थोपवलेला काळही दुप्पट झाला, हे त्याच कागदावर वाचावं. दुसरा आक्षेप असा की ओसिमेर्टिनिब आल्यावर गेफिटिनिबचं कौतुक कशाला? ओसिमेर्टिनिब सरस आहे, मेंदूत पोचलेल्या आजारावर तर निश्चितच. परंतु 2023 मध्ये त्याच ओसिमेर्टिनिबला केमोची जोड दिली, तेव्हा आजार थोपण्याचा काळ 16.7 वरून 25.5 महिन्यांवर गेला. परळची कल्पना जुनाट वाटलेल्यांना तीच महागड्या डबीतून आली तेव्हा एकदम पटली, हा योगायोग म्हणावा काय?

पैशाचा हिशेब इथेच येतो. भारतात गेफिटिनिबच्या पेटंटचा अर्ज 2007 मध्ये फेटाळला गेला. गेफिटिनिबच्याच जातीच्या एर्लोटिनिबवरून रोश आणि सिप्ला कोर्टात भांडत होत्या, तेव्हा एका गोळीला रोशचा भाव 4800 रुपयांच्या आसपास होता आणि सिप्लाचा 1600. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सिप्लाला थांबवायला नकार दिला. पुढे अनेक कंपन्या उतरल्या आणि या गोळ्या सामान्यांच्या आवाक्याजवळ आल्या. ओसिमेर्टिनिबवरचं सीमाशुल्क 2024 मध्ये माफ झालं, जीएसटीही 12 वरून 5 टक्के झाला. चांगलंच झालं, पण मूळ किंमतच डोंगराएवढी असली की कर कापून लाखांदूरच्या धानवाल्याला ती परवडत नाही.

आणि गोळी जुनी असो की नवी, जनुक तपासणीच्या रिपोर्टशिवाय ती देता येत नाही. 'बाई आहे, विडी ओढत नाही, सुरू करा' हा अंदाजपंचे कारभार 2009 च्या आशियाई चाचणीनेच मोडीत काढला: बदल नसलेल्यांना गेफिटिनिबने केमोपेक्षा वाईट दिवस दाखवले. उलट, विड्या वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या या मुलखात 'धूम्रपान करतो, म्हणजे बदल नसणारच' असं धरून तपासणीच टाळणंही तितकंच चूक. टाटातल्या 907 रुग्णांच्या पाहणीत 23 टक्के जणांत ईजीएफआरचा बदल सापडला. चौघांत एकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौघांत एकाला इतका फायदा देणारी दुसरी कोणती तपासणी आहे ते सांगावं. खरी अडचण त्याआधीची आहे. छातीत पाणी झालं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि टीबी इथे आहेच, त्यामुळे तो घेण्यात गैर काही नाही. पण काढलेलं पाणी टीबीच्या तपासण्यांपुरतं वापरून उरलेलं ओतून देतात. तेच पाणी यंत्रात फिरवून खाली बसलेल्या पेशींचा सेल ब्लॉक केला, तर त्यावर कॅन्सरचं निदान होतं आणि बहुधा ईजीएफआरची तपासणीही. सुईने तुकडा काढण्यासाठी वेगळं नागपूर गाठावं लागत नाही. टीबीचं औषध महिना-दीड महिना घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल, तर कोर्स पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

शेवटचा आक्षेप अंतराचा. गोळी घरी घेता येते. केमोच्या सलाईनसाठी दर तीन आठवड्यांनी भंडाऱ्याहून साठ-सत्तर किलोमीटरवरचं नागपूर, आणि पवनी-लाखांदूरकडच्यांना त्याहून लांब. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण पेमेट्रेक्सेड शिरेतून जायला साधारण दहा मिनिटं लागतात, कार्बोप्लाटिनला तासभर. आधी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, बी-12 चं इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी. यातलं काहीच जिल्हा रुग्णालयाच्या कुवतीबाहेरचं नाही. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सर डे केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली आहे. पहिलं चक्र नागपूरला द्यावं, पुढची भंडाऱ्यात. आणि तिथल्या नर्सला सलाईन लावण्याइतकंच रक्ताचा रिपोर्ट पाहून ती कधी लावायची नाही, हेही शिकवावं.